सतरा नंबरची पाठ

गल्लीत कुणाच्याही घरी सोफ्यावर बसलात, तर तुम्ही वहिनींच्या शिवणीवर बसलेले असायचात. वीस-बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाद्या, उशा आणि सोफ्यांची कव्हरं शिवली. नवरा पोस्टमन, सासूबाई दारात आलेलं प्रत्येक पाकीट उन्हात धरून बघणाऱ्या, आणि वहिनी मशीनमागे. तिघांचं असं सुरळीत चाललेलं असताना, शेहेचाळिसाव्या वर्षी वहिनींनी जेवताजेवता सांगून टाकलं, की त्या घोड्यांना खोगीर बसवायला शिकणार आहेत. रीतसर. परीक्षा देऊन.

"कुणाच्या घोड्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाच्याही."

"पण आपल्याकडे घोडा नाही."

"आपल्याकडे सोफा तरी कुठे आहे, आई?"

सासूबाईंनी मीठ मागितलं. नवऱ्याने फक्त "बरं" म्हटलं. तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. भाजी करपली तरी बरं, बदली रद्द झाली तरी बरं.

झालं होतं असं. गावाबाहेर घोडेस्वारीची एक शाळा होती. तिथली खोगिरं सांभाळणारे म्हातारे उस्ताद डोळ्यांनी अधू झाले, सुईत दोरा जाईना, म्हणून उसवलेलं एक खोगीर त्यांनी वहिनींकडे शिवायला आणलं. वहिनींनी ते उघडलं, आतल्या लोकरीच्या गाठी बोटांनी चाचपल्या आणि विचारलं, "हे ज्याच्या पाठीवर असतं, त्याला उजवीकडे वळताना त्रास होतो का हो?"

उस्ताद खाली बसले. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. खोगीर म्हणजे घोड्याचा बूट, ते म्हणाले. चावला तर घोडा बोलत नाही, आणि लोक म्हणतात जनावर आळशी आहे. ते काही महिन्यांवर आलेल्या निवृत्तीची वाट बघत होते, पण आनंदाने नाही. त्यांच्या जागी खोगीर बसवणाऱ्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाचं प्रमाणपत्र असलेलंच माणूस घ्यायचं, असा शाळेच्या मालकांचा नियम होता. तसं कुणी मिळालं नाही, तर कारखान्याचा माणूस येणार होता, आणि त्याच्याकडे अठ्ठावीस घोड्यांसाठी एकच माप होतं. मंडळाची परीक्षा वर्षातून एकदा. म्हणजे वहिनींना संधीही एकच.

उस्तादांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. पहिला आठवडा घोड्याला हात लावायचा नाही. शिकणाऱ्याने स्वतः हातापायांवर ओणवं व्हायचं, पाठीवर खोगीर बांधून घ्यायचं आणि अंगणाला तीन फेऱ्या मारायच्या. वहिनींबरोबर शिकायला एक नालबंद होता. तो दुसऱ्या फेरीत म्हणाला, "मी आपला नालच ठोकतो," आणि गेला तो गेलाच. वहिनींनी तिन्ही फेऱ्या मारल्या. वर उस्तादांचं म्हणणं, "आता सांगा, कुठे चावलं?" वहिनींनी अकरा जागा सांगितल्या. उस्ताद म्हणाले, बारावी राहिली, उद्या पुन्हा.

गल्लीत ही बातमी फिरली तेव्हा 'खोगीरभरती' हा शब्द वापरायचा मोह आवरलेला एकही माणूस वहिनींना वर्षभरात भेटला नाही. त्यांनी तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. माणसांना विनोद सुचल्याचा आनंद होतो, तो कशाला हिरावून घ्या!

मग पाठीची मापं. त्यासाठी हातभर लांबीची एक पट्टी असते, वाकवावी तशी वाकणारी आणि वाकल्यावर तशीच राहणारी. घोड्याच्या पाठीवर ती आडवी ठेवायची, दाबून पाठीचा आकार द्यायचा, अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ ओढायची. खांद्यामागे एक, मध्ये एक, शेवटी एक. मंडळाने प्रत्येक उमेदवाराला अठ्ठावीस छापील कागद दिले होते, एक ते अठ्ठावीस आकडे घातलेले. ना एक जास्त, ना एक कमी. कागद खराब झाला तर खोडरबर वापरा, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

वहिनी दिवसा घोड्यांची मापं घेत आणि घरी सरावासाठी जे दिसेल त्याची. पाण्याचं पिंप झालं, इस्त्रीचं टेबल झालं. एकदा सासूबाई दुपारच्या कुशीवर झोपल्या होत्या, त्या जाग्या झाल्या तेव्हा कमरेवर पट्टी होती.

"मी अजून जिवंत आहे गं," त्या म्हणाल्या.

"हलू नका आई, रेघ बिघडते."

एका संध्याकाळी नवरा कामावरून आला, खिशातलं पेन पडून पलंगाखाली गेलं, आणि ते काढायला तो ओणवा झाला. वहिनींनी दारातूनच ओरडून सांगितलं, "अहो, तसेच थांबा!"

"बरं," तो पलंगाखालून म्हणाला.

सतरा नंबरची घोडी त्या आठवड्यात खोकत होती, म्हणून तिचा कागद कोरा होता. वहिनींनी तोच घेतला. नंतर खोडायचाच होता. तीन रेघा ओढल्या. आणि इतक्या सुरेख आल्या की गंमत म्हणून खालचे रकानेही भरले. स्वभाव: शांत, चावत नाही. खाणं: समोर येईल ते. रोजचं काम: बारा किलोमीटर, ओझ्यासह. नवऱ्याने ते वाचलं, 'खाणं'पुढे 'पण वांगं नको' असं लिहावं का विचारलं, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस कागद न्यायला वेळेआधीच दारात उभा राहिला. वहिनी घोड्यांकडे गेलेल्या. सासूबाईंनी सुनेचं काम अडू नये म्हणून सगळे कागद गोळा केले, आकड्यांप्रमाणे लावले, सुतळीने बांधले आणि देऊन टाकले. इतकं नीटनेटकं काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

महिन्याने पत्र आलं. वहिनींनी ते उभ्यानेच वाचलं आणि मग मशीनवर बसून पुन्हा वाचलं. मंडळाला सर्व मापं पसंत होती. विशेषतः सतरा नंबर. 'रेघा निर्दोष. जनावर गुणी दिसते, परंतु डावी बाजू खचलेली. मालकास समज द्यावी. प्रात्यक्षिक परीक्षेस हेच जनावर आणावे.'

"माझ्या मुलाला जनावर म्हणतात?" सासूबाई उसळल्या.

"गुणीही म्हटलंय," नवरा म्हणाला.

वहिनी तडक मंडळाच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने मोठी नोंदवही काढली, बोट फिरवलं.

"सतरा. नोंद झालेली आहे."

"पण साहेब, तो घोडा नाही. ते माझे मिस्टर आहेत."

"कोण कुणाचं कोण, तो रकाना आमच्याकडे नाही बाई."

"चूक झाली. नोंद रद्द करा."

"एक नोंद रद्द केली की उमेदवाराचे सगळेच कागद रद्द होतात. मग पुढच्या वर्षी." त्याने वही मिटली. "आणा की त्यांना. वाहनाची सोय आहे ना? की चालत येतील?"

पुढच्या वर्षी! तोवर अठ्ठावीस पाठींवर कारखान्याचं माप बसलेलं असणार. वहिनी घरी आल्या, पण विचारायला तोंड उघडेना. शेवटी नवऱ्यानेच विचारलं, "किती वाजता आहे?"

"अहो, लोक हसतील."

"हसू देत. माझी रजा शिल्लक आहे."

सासूबाई दोन दिवस मंडळाच्या नावाने बोटं मोडत होत्या. परीक्षेच्या सकाळी मात्र लेकाला न्हाणीघरात उभं करून दोन बादल्या पाणी स्वतः काढून दिलं. "पाठ नीट घास," त्या म्हणाल्या. "दहा लोक बघणार. घरात हाल करतात असं वाटायला नको."

परीक्षेची जागा म्हणजे वाळू पसरलेलं एक उंच छताचं दालन. पलीकडच्या भिंतीला टेबल, टेबलामागे तिघं: मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त घोडेस्वार आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाई. वहिनींनी आत येताच सगळं खरं सांगून टाकलं. कागद कसा भरला, कसा गेला, सगळं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा दोन पायांवर का उभा आहे?"

"सवय आहे," नवरा म्हणाला.

"उमेदवाराने उत्तर द्यावं."

"सवय आहे," वहिनी म्हणाल्या.

अध्यक्षांनी तसं लिहून घेतलं. चाळीस मिनिटं वेळ. तेवढ्यात खोगीर बसवून, पोटाखालून तंगपट्टा आवळून, जनावर चालवून दाखवायचं. नवऱ्याने सदरा काढून घडी करून कठड्यावर ठेवला आणि वाळूवर ओणवा झाला. घोडेस्वार टेबल सोडून आले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाय बारीक आहेत."

"वडिलांवर गेलाय," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

मग त्यांनी हात ठेवला. उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे मानेपासून कमरेपर्यंत, आधी उजवीकडून, सपाट तळव्याने. उजवी बाजू ठीक होती. डावीकडे, खांद्याच्या हाडाखाली दोन बोटांवर, कातडी हलली. घोड्याची हलते तशीच, माशी बसल्यासारखी. वहिनींनी पुन्हा दाबलं. नवऱ्याने श्वास धरला आणि त्याच्या पायाची बोटं वाळूत रुतली.

"दुखतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही गं. तू कर तुझं."

वहिनींचा हात तिथेच राहिला. टपालाची थैली तो वर्षानुवर्षं डाव्या खांद्याला अडकवायचा. त्याच्या सदऱ्यांचा डावा खांदा खाली ओघळतो म्हणून वहिनीच दरवर्षी तो अर्धा बोट उतरता शिवायच्या. सदरा छान बसायचा. लोक विचारायचे, कुणी शिवला? खचलेल्या पाठीला बेतून शिवलेलं खोगीर! आणि त्या बावीस वर्षं शिवणीचं कौतुक ऐकत होत्या.

"पंचवीस मिनिटं राहिली," अध्यक्ष म्हणाले.

खोगीर हाताशी होतं. बसवता आलं असतं. डाव्या बाजूला थोडी लोकर भरली की वरून अगदी सरळ दिसलं असतं. ते कसं करायचं हे वहिनींना झोपेतही येत होतं.

"अहो, घाल ना गं," नवरा खालून म्हणाला. गडबडीत त्याचे अहो आणि गं एकत्र झाले होते. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

वहिनी उठल्या. हात वाळूने भरले होते, ते त्यांनी पदराला पुसले. "मी या पाठीवर खोगीर घालणार नाही," त्या म्हणाल्या.

"वेळ संपेपर्यंत खोगीर पाठीवर नसेल तर नापास," अध्यक्ष म्हणाले. "नियम आहे."

"मग करा नापास. याला सहा आठवडे ओझं नको. त्यानंतर दोन्ही बाजूंना सारखं वाटून, आणि माप पुन्हा घेऊन."

"बाई, ही खोगीर बसवण्याची परीक्षा आहे. न बसवण्याची नाही."

डॉक्टरीणबाई उठून आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्याच जागी अंगठा दाबला. नवऱ्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाहेर बांधलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या घोड्याने त्याला उत्तर दिलं.

मग टेबलामागे कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांचं म्हणणं वहिनींना तुटक ऐकू येत होतं: खोगीरच नाही तर गुण कशाला द्यायचे, रकाना रिकामा कसा सोडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिकामा सोडू नका, त्यात 'घालू नये' असं लिहा. शेवटी घोडेस्वार वैतागून म्हणाले, "दोन विरुद्ध एक. पास. आणि त्याला आता उठवा कुणीतरी, गुडघे जातील बिचाऱ्याचे."

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे कागद लिहून दिला: सतरा नंबर, सहा आठवडे पाठीवर भार टाकू नये. वर मंडळाचा जांभळा गोल शिक्का. नवऱ्याने तो दोनदा वाचला. "पोस्टात चालेल का हा?"

"शिक्का केवढा आहे बघा," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यापुढे कोण काय बोलणार!"

वहिनींनी कठड्यावरचा सदरा उचलून त्याच्या अंगावर घातला. डावा खांदा बोटांत धरून बघितला आणि सोडून दिला.

दारात कारकुनाने दोघांना अडवलं. आत घेतलेलं जनावर सहीशिवाय बाहेर सोडता येत नव्हतं. त्याने वही पुढे केली. वहिनींनी मालकाच्या रकान्यात सही केली.

"हुद्दा?" कारकून म्हणाला.

वहिनींनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'खोगीर बसवणारी', आणि शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली.

बाहेर कट्ट्यावर उस्ताद सकाळपासून बसले होते. त्यांना चेहरे नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी पावलांच्या दिशेने विचारलं, "काय झालं?"

"पास."

"खोगीर कसं बसलं?"

"बसवलंच नाही."

उस्तादांनी मान हलवली, जशी काही ते हेच उत्तर ऐकायला आले होते, आणि काठी टेकवत उठले. "चला मग," ते म्हणाले. "काळी घोडी कालपासून डावीकडे वळेना. मालक म्हणतोय आळशी आहे."

"तुम्ही जा घरी," वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. "आईंना कळवा."

"बरं," तो म्हणाला. दोन पावलं गेला, आणि वळून म्हणाला, "नाही. मीही येतो. कुठे दुखतंय ते तिला विचारायला कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं."