वाकड्या बोटाचे पापड

आमचं पहिलं लेबल इतकं सुंदर होतं की ते लावलेलं एकही पाकीट खपलं नाही. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की घरात कुणी माझ्या वाटेला जात नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही तिघं मुंबईत कमर्शियल आर्ट शिकत होतो. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली, वडील कारखान्यात फिटर. दुसरी बदलापूरची, ऑफिसरची मुलगी, अक्षर एवढं देखणं की सरसुद्धा तिच्याकडून पाट्या लिहून घ्यायचे. तिसरा उल्हासनगर कॅम्प एकचा सिंधी पोरगा. त्याच्या घराखालीच स्क्रीन प्रिंटिंगची शेड होती आणि त्या जोरावर तो आम्हाला सारखा अक्कल शिकवायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलापूरच्या मैत्रिणीची आई आम्हाला तिथल्याच एका संस्थेत घेऊन गेली. नवऱ्याने टाकलेल्या बायका तिथे राहायच्या आणि उडदाचे पापड लाटून पोट भरायच्या. संस्था चालवायच्या एक रिटायर झालेल्या शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. बाईंनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"चित्रं काढता म्हणे. पैसे नाहीत हं माझ्याकडे. दुपारचं जेवण मिळेल. चालेल?"

न चालायला काय झालं? पंगतीत पापड वाढला गेला. मित्राने एक तुकडा मोडला, चावला आणि घास थांबवून म्हणाला, "डाढो सुठो! एकदम झकास! अरे, आमच्याकडे पापड दिल्याशिवाय पाहुण्याला पाणी देत नाहीत, मला विचारा पापडातलं. हा माल पडून राहतो? शक्यच नाही."

पण राहत होता. साधी प्लॅस्टिकची पिशवी, आत संस्थेच्या नावाची चिठ्ठी, बस्स. दुकानदार उपकार म्हणून चार पाकिटं ठेवून घ्यायचे आणि महिन्याने परत द्यायचे. संस्थेच्या विश्वस्तांनी बाईंना बजावून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत माल बाजारात चालला तर ठीक, नाहीतर पापडकेंद्र बंद, हॉल लग्नकार्यांना देऊ. केंद्र बंद म्हणजे बायकांनी आपापल्या घरी जायचं. जणू घर असतं तर त्या इथे आल्या असत्या!

त्यातली एकजण बदलापूरजवळच्याच खरवई गावची. तिशीच्या आतली, बोलणं जवळजवळ नाहीच. उजवा हात कायम पदराखाली. लाटायला बसली की मात्र तो हात बाहेर यायचा आणि मग बघत राहावं. तिची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. नवऱ्याने दारात चेंगरली होती, मुद्दाम. तिचा भाऊ सांगून गेला होता की केंद्र बंद झालं तर भाऊबीजेला येईन, ओवाळून घेईन आणि तुला परत त्याच दारात सोडून येईन. "माझ्या घरात जागा नाय," म्हणाला होता. हे बाईंनीच आम्हाला सांगितलं. आपण काही गंमत म्हणून आलेलो नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

तरी पहिल्या फटक्यात माती खाल्लीच. आम्ही कॉलेजात जे शिकलो होतो ते सगळं त्या लेबलात ओतलं. खाकी कागद, भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात बारीक तपकिरी अक्षरं आणि उडदाचं एक नाजूक पान. आमच्या टेबलावर ते काय दिसत होतं म्हणून सांगू! कॅम्प एकमधल्या एका किराणा दुकानात ते तारेला चिमट्याने टांगलं, तर मागच्या पोत्यांत ते दिसेचना. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "साईं, ये पापड है कि दवाई?" मित्राचे कान लाल झाले. मी दुकानदाराशी भांडायच्या बेतात होते, मैत्रिणीने ओढत बाहेर काढलं.

बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडून मी त्या दुकानाकडे पाहिलं. राणी रंग, लिंबाचा पिवळा, हिरवाकंच. सगळी पाकिटं एकमेकांच्या वरताण ओरडत होती आणि आमचं बिचारं तोंड मिटून टांगलं होतं. आपण लेबल टेबलासाठी काढलं, दुकानासाठी काढलंच नाही. मी दोघांना म्हटलं, "चला, परत."

या वेळी मी संस्थेत बसून सगळ्या बायकांचे लाटते हात काढले. सगळ्यांत बोलका हात निघाला तो खरवईवालीचाच. पोळपाटावर दाबलेला तळवा, कोपरापर्यंत पीठ आणि ती करंगळी, लाटण्यापासून वेगळी, बाहेर. मी तिला न विचारता लेबलावर टाकणार नव्हते. दोन चित्रं केली, एक बोट आहे तसं आणि एक सरळ केलेलं. दोन्ही तिच्यापुढे ठेवली. मैत्रीण हळूच म्हणाली, "सरळच घेऊ या, लोकांना खटकेल." मित्रही तेच म्हणाला. मला वाकडंच हवं होतं, पण हात माझा नव्हता, म्हणून निर्णय तिच्यावर सोडला.

तिने सरळ बोटाचं चित्र उचललं, बघितलं, खाली ठेवलं.

"ह्यो कुनाचा हात? माजा नाय. माजा ह्यो." आणि दुसऱ्या चित्रावर तीच करंगळी टेकवून म्हणाली, "ह्याच बोटान मी पिठाचं मीठ बगते. कवा चुकलंय काय, इचार बाईंना."

बाई हसल्या. इतक्या महिन्यांत ती एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलली होती.

गणपतीच्या आधी दुसरं लेबल तयार झालं. राणी रंगावर पांढराशुभ्र हात, खाली ठळक पिवळी अक्षरं, समोरच्या फुटपाथवरून वाचता येतील अशी. शेडमध्ये आम्ही तिघांनी ते स्वतः छापलं. रंगाच्या वासाने डोकं गरगरायचं, नखं राणी रंगाची झाली होती. आई म्हणायची, "डिझायनर कसली, होळी खेळून आल्यासारखी दिसतेस." त्याच दुकानदाराने ते टांगलं, दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "हां, अब दिखा." पुढच्या आठवड्यात त्याने माल मागवला. मग शेजारच्याने मागवला. लोक नाव विसरायचे आणि "वो हाथवाला पापड दो" म्हणायचे. मला तर रस्त्यात नाचावंसं वाटत होतं!

विश्वस्त मात्र ढिम्म. सणासुदीला काहीही खपतं, असं त्यांचं म्हणणं. दिवाळी तोंडावर आली तरी केंद्राचं काय ते ठरेना. तिच्या भावाचा निरोपही आला, भाऊबीजेला तयार राहा.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही कॅम्पात माल पोचवायला निघालो. पाकिटं जास्त होती म्हणून बाईंनी तिलाही बरोबर दिलं. ती पदराखाली हात घेऊन रिक्षात अंग चोरून बसली होती. बाजारात ही गर्दी, फटाके, कंदील, कुणाचा धक्का कुणाला कळत नव्हता. एका दुकानासमोर ती एकदम थांबली. तारेवर आमचीच पाकिटं टांगलेली, राणी रंग, पांढरा हात. मला वाटलं कौतुकाने बघतेय. आणि मग ही बाई, जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे, भर बाजारात कडाडली.

"ह्यो माजा हात नाय!"

दुकानदार चमकला. मला काही कळेना. तिने पदर झटकला, उजवा हात सगळ्यांसमोर वर धरला आणि पाकिटाशेजारी नेला. "ह्यो बग माजा. ह्यात बोट सरल हाय. ह्यो पापड आमचा नाय!"

मी पाकीट ओढून घेतलं. रंग आमचा, अक्षरं आमच्यासारखी, हात आमचा. फक्त करंगळी सरळ. ज्या कुणी आमच्या लेबलाची नक्कल केली होती, त्याला ते बोट चित्रकाराची चूक वाटलं असणार, आणि त्या भल्या माणसाने ती सुधारली होती.

माझं रक्त उसळलं. कुणी केलं, कुठे छापलं, मी असं सोडणार नाही, असं बरंच काही मी बोलले. मित्र मात्र पोट धरून हसत सुटला होता. "अगं वेडे, आमच्या कॅम्पात पडेल मालाची नक्कल कोण करतं? डुप्लिकेट निघालं! आपलं डुप्लिकेट निघालं!" दुकानदाराने ओशाळून ती पाकिटं उतरवली आणि तिला हात जोडून म्हणाला, "अदी, बहन, गलती हो गयी, मेरेको फसाया. कल से तुम्हारा हाथवालाच माल रखूंगा." तिने मान डोलावली, पण हात लगेच पदराखाली नेला नाही. रिक्षात बसेपर्यंत तो तसाच बाहेर होता.

नक्कल कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण बाईंनी ते खोटं पाकीट धनत्रयोदशीला विश्वस्तांच्या टेबलावर ठेवलं. त्यांतला एकजण कॅम्पातच धंदा केलेला होता. त्याने पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "आता केंद्र बंद केलं, तर आपलं गिऱ्हाईक उद्या हे खोटे पापड खाईल." केंद्र राहिलं.

भाऊबीजेला दुपारी मी नव्या लेबलांचा गठ्ठा घेऊन संस्थेत पोचले, तर तिचा भाऊ हॉलमध्ये पाटावर बसला होता. आपल्याला बहिणीला घेऊन जायचं नाही, हे त्याला नुकतंच कळलं होतं. सुटल्यासारखा दिसत होता आणि खजीलही. तिने त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, त्याच बोटाने. मग आत जाऊन पापडाची दोन पाकिटं आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"वयनीला दे. संपले का दुकानातना घ्यायला सांग. आन सांग तिला, बोट वाकडं आसल तरच घे."