मी विझवलेला खड्डा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, म्हणजे मला नीट सांगता येईल. सातवी पास झालेल्या एका बाईने भर गावात, भर थंडीत, न लागलेली आग विझवली. ती शहाणी मीच!

आमचं घर दिघीला. मागे मिलिटरीची हद्द आणि पुढे उकिरडा. पुढे म्हणजे अगदी दारापुढे! चिंचवडहून लग्न होऊन आले तेव्हा पदर नाकाला लावला आणि कामाला लागले. पण माझी शकू रांगायला लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. उंबरा ओलांडला की पोरगी सरळ उकिरड्याकडे. हाती लागेल ते तोंडात. शेणावरची माशी हिच्या डोळ्यावर, डोळ्यावरची भाकरीवर! तिला साधी शिंक आली तरी मी तिचं पोट चाचपत बसायची.

शेवटी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, उकिरडा जरा लांब नेऊ या ना."

"का? तुजा नवरा ह्याच उकिरड्यात लोळून मोठा झालाय."

नवऱ्याकडे बघितलं की ते खरंही वाटायचं.

अशात गावात नवा ग्रामसेवक आला. खाकी अर्धी चड्डी, सायकल, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. चावडीत शेणाची सभा भरली. जन्मात ज्यांनी शेणाला बोट लावलं नाही ते सगळे बापे घोंगड्यांवर पुढे, आणि ज्यांचे हात रोज कोपरापर्यंत शेणात, त्या आम्ही मागे भिंतीला टेकून उभ्या. अशीच असते ना सभा?

"शेण जाळू नका!" ग्रामसेवक सांगत होता. "गोवरी जाळली म्हणजे शेतातलं पीकच जाळलं. उघडा उकिरडाही नको, त्याने माशा होतात आणि खताचा कस उडून जातो. खड्डा घ्या. शेण, पालापाचोळा, राख, माती असे थर द्या आणि वरून लिंपून टाका."

"आन् चूल कशावर पेटवू? तुज्या टोपीवर?" आमच्या आत्याबाई मागून कडाडल्या.

चावडी खदखदून हसली. तो बिचारा म्हणाला, "थोड्या गोवऱ्या थापा मावशी, पण निम्मं तरी शेण खड्ड्यात जाऊ द्या."

माझ्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता, माशा! मी पुढे होऊन मोठ्याने म्हटलं, "आम्ही करतो खड्डा!" सगळ्या माना वळल्या. मग काय, अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या बायांना मीच कंपोस्ट समजावून द्यायला लागले. तिकडे ग्रामसेवक खड्ड्याच्या पोटात पुढे काय काय होतं ते सांगत होता म्हणे. मला ऐकायची गरज काय? मी शिकलेली!

घरी आल्यावर आत्याबाईंनी अट घातली. "घाल खड्डा. खत झालं तर उकिरडा कायमचा हलला. न्हाई झालं तर शेन माजं, दार माजं, आन् पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई."

खड्डा घेतला घरामागे, हद्दीच्या तारेजवळ, कडब्याच्या गंजीला लागून. जागा निवडण्यातही माझंच शहाणपण! थरावर थर दिले. शेवटच्या थराला राख कमी पडली, आत शकूने भोकाड पसरलेलं. चुलीतली राख घाईघाईने ओढली, टाकली, वरून लिंपलं आणि पोरीकडे पळाले.

काही दिवसांनी सकाळी जाऊन बघते तर काय! लिंपणाला भेग पडलेली आणि भेगेतून पांढरा धूर वर चाललेला. हात लावला तर गरम!

तुम्हीच सांगा, रात्री निखारा राखेत पुरून वर गोवरी ठेवली की सकाळी विस्तव जिवंत सापडतो की नाही? मी तर त्या घाईच्या राखेतून निखारा गाडीभर शेणावर लिंपून ठेवला होता! आणि शेजारी बैलांचा वर्षाचा कडबा!

"आग! आग लागली हो!"

अख्खी आळी धावली. सगळ्यात पुढे किसनतात्या. तात्यांनी पलटणीच्या भटारखान्यात कांदे चिरलेले, त्यामुळे गावात दारूगोळ्याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी धूर बघितला, तार बघितली आणि हात आडवे केले.

"मागं सरा! ह्यो शेनाचा धूर न्हाई! हितं मिलिटरीचा गोळा पुरल्याला असनार, आन् ह्या बाईनं त्योच उकारलाय!"

क्षणात सगळे बापे बाभळीच्या आड. तिथूनच हुकूम सुटले, "वता पानी! आनखी वता!" ओतायला कोण? बाया. आडावरून हंडे, घागरी, कळशा, नुसती रांग लागली. पाणी पडलं की वाफ दुप्पट.

"बगा, चिडलाय गोळा!" बाभळ ओरडली. म्हणजे तात्या.

एवढ्यात शकूला कडेवर घेऊन आत्याबाई आल्या. "अगं, जाळ कुटं हाय?"

"आत आहे!"

"आतल्या आत जाळ? धुराचा वास बी न्हाई?"

"तुम्हाला नाही कळायचं, आत्याबाई! तुम्ही मागे व्हा!"

असं म्हटलं मी. सासूला. गावासमोर.

खड्डा काठोकाठ भरला, लिंपण ढासळलं, वाफ बंद झाली. मी कपाळावरचा घाम पुसते आहे तोच सायकलवरून ग्रामसेवक आला. खाली बसला. त्या रबड्यात हात घालून बघितला. रडायचाच बाकी होता.

"वहिनी, हे काय केलंत? खत शिजत होतं!"

"शिजत होतं?"

"आतून तापल्याशिवाय खत होतच नाही! सभेत सांगितलं होतं की! गावातले बाकीचे खड्डे गारठून पडलेत. उद्या साहेबांना दाखवायला हा एकच होता."

"म्हंजी गोळा न्हाई?" तात्या बाभळीमागून बाहेर आले. "मला पयल्यापासनं शंका हुतीच."

आता तो रबडा सुकवायला हवा, तर मागे सगळी सावली. ऊन कुठे? पुढच्या अंगणात! उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत गाडीभर शेण पसरलं. जे पोरीपासून लांब न्यायचं होतं, ते मीच पाटीपाटीने तिच्यापुढे आणून वाढलं. शकूने टाळ्या वाजवल्या.

आता आत्याबाई अट आठवून देतील, आता म्हणतील 'हरलीस', अशी धाकधूक करत मी भाकरी थापत होते. पण त्या ओट्यावर ग्रामसेवकाची उलटतपासणी घेत होत्या.

"खरंच बिनइस्तवाचं तापतंय?"

"हात पोळेल इतकं, मावशी."

"फुकाट?"

"फुकट."

फुकट म्हटल्यावर बाई उठली. सुकलेलं शेण स्वतःच्या हाताने खड्ड्यात भरलं, राख गार झाल्याची बोटाने खात्री करून घेतली, आणि मला फक्त पाट्या उचलायला ठेवलं. खड्डा पुन्हा तापला. उकिरडा दारातून गेला तो गेलाच, कारण आता शेणाचा पो पडायच्या आत आत्याबाई तो मागे नेतात. शकू रिकाम्या अंगणात खेळते. श्रेय कुणाचं, ते विचारू नका.

परवा भोसरीच्या बाया खड्डा बघायला आल्या. आत्याबाई कमरेवर हात ठेवून थर समजावत होत्या, ग्रामसेवकापेक्षाही झकास. एकीने भीत भीत विचारलं, "पर मावशी, आत खरंच इस्तू नसतो कशावरनं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ती बगा, आमची सून. शिकल्याली हाय. तिला इचारा, तिनं इजवून बगितलाय."