अभ्यासिकेचं कुलूप आणि माझं लोकप्रशासन

आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचा आडोसा. त्या खोलीत आई, वडील, मी, धाकटी बहीण, शिलाई मशीन, गॅस आणि पाहुणे आले की पाहुणे. वडील शहागंजात हमाली करायचे. पाठीनं जवाब दिला तेव्हा त्याच बाजारात एका दुकानाच्या दारावर माल उतरवून घ्यायच्या कामाला लागले. आई चिकलठाण्याच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करायची आणि घरी येऊन लोकांचे ब्लाउज शिवायची. मशीन सुरू झालं की खोलीतला दिवा मशीनकडं ओढला जायचा आणि बाकीच्यांनी अंधारात जे करता येईल ते करायचं. अंधारात अभ्यास सोडून सगळं करता येतं.

मी बी.ए. झालो तो रिक्षात. शेजारचे चाचा रात्रपाळीला रिक्षा चालवायचे, त्यामुळं दिवसभर ती आमच्या दारात उभी असायची. मागच्या सीटवर पाय दुमडून मी अख्खं लोकप्रशासन वाचून काढलं. येणारे-जाणारे विचारायचे, कुठं निघाला? चाचा झोपेतून उठले की सीटवर थाप मारायचे, "चल बाबू, उतर. तेरी युनिवर्सिटी कू पेट्रोल डालने का है." आईकडच्या आणि वडलांकडच्या दोन्ही घराण्यांत पहिला पदवीधर मी. हे मी आजही सांगतो. कुणी विचारायची वाट बघत नाही.

बहीण बारावी सायन्सला गेली तोवर चाचांची नजर अधू झाली. रात्रीची रिक्षा त्यांनी सोडली आणि दिवसा चालवायला लागले. म्हणजे आमचं विद्यापीठ दिवसभर रस्त्यावर फिरायला लागलं. बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. ती मशीनच्या खडखडाटात कानात बोटं घालून फिजिक्स वाचायची आणि पान उलटायचं झालं की एक बोट काढायची. आईनं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मार्क पडले तर शिक. न्हाय पडले तर मी ठेकेदाराला शब्द टाकते. पोरगी म्हणून तुला घरात बसवायची नाय मला." आईचं बोलणं कडक होतं पण खोटं नव्हतं. ठेकेदार खरोखरच माणसं शोधत होता.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागं शासनानं एक अभ्यासिका बांधली होती. उद्घाटन झालं, पेढे वाटले, फोटो निघाले आणि त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. खिडकीच्या काचेला नाक लावलं की आतल्या खुर्च्या दिसायच्या, अंगावर कारखान्याचं प्लास्टिक तसंच. भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. इतकी शांतता राखलेली जागा मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

एकदा बहीण त्या खिडकीतून बघून घरी आली आणि म्हणाली, "दादा, तू लोकप्रशासन शिकला ना? मग ते कुलूप काढ."

मी छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय? महिन्याच्या आत."

सगळ्यात आधी मी एका मोठ्या कागदावर तक्ता काढला. वर मंत्रालय, खाली सचिव, त्याखाली जिल्हा, त्याखाली शहर, बाणांसकट. तो तक्ता भिंतीला लावला. आईनं त्यात सुया टोचून ठेवायला सुरुवात केली. एका सचिवाला तर कायम निळा दोरा लटकलेला असायचा.

मग मी इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी हिशेब लिहितो, तिथून अर्धा दिवस रजा काढली.

"कुणाची बिल्डिंग?" खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं.

"शासनाची."

"आम्ही पण शासनच हाव. कुठल्या शासनाची?"

इथं साध्या माणसानं 'माहीत नाही' म्हटलं असतं. मी त्याला शहरांच्या कारभाराची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती समजावून सांगितली. मागं रांग वाढत गेली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "बराबर हाय साहेब. पण ती बिल्डिंग आमच्या ताब्यात नाय. राज्याच्या खात्याकडं जावा."

राज्याच्या खात्यात सांगितलं, पैसे आमचे, पण बांधली बांधकामवाल्यांनी. बांधकामवाल्यांनी सांगितलं, आमचं काम संपलं, आम्ही ती देऊन टाकली. कुणाला? शहराला. मी पुन्हा वॉर्डाच्या ऑफिसात. क्लार्कनं लांबूनच ओळखलं, "या, या, घटनादुरुस्ती!" त्यानंतर त्या ऑफिसात माझं तेच नाव पडलं. शिपाईसुद्धा हाक मारायचा, "घटनादुरुस्ती, चहा घेता का?"

तेव्हा मी ठरवलं की खालच्या माणसांशी बोलण्यात अर्थ नाही, थेट अधिकारी गाठायचा. वेबसाइट उघडली. वेबसाइटवर शहराचं नाव बदललेलं होतं, फोन नंबर मात्र जुनेच होते. बहुतेक नंबर वाजून वाजून थकायचे. पण मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचा मोबाईल नंबर लागला आणि पहिल्याच फोनला साहेबांनी उचलला. तोही सुट्टीच्या दिवशी! मी फोन स्पीकरवर टाकला, दारातल्या कट्ट्यावर चढलो आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"नमस्कार साहेब. मी एक सुशिक्षित, पदवीधर नागरिक बोलत आहे."

"बोला. पण मी सध्या..."

"साहेब, कृपया माझं निवेदन पूर्ण होऊ द्या."

मग मी कल्याणकारी राज्य घेतलं, समान संधी घेतली, मुलींचं शिक्षण घेतलं. साहेब मधून मधून "अहो, पण..." म्हणायचे, मी त्यांना हातानं थांबवायचो, जणू ते समोरच उभे आहेत. शेवटी "योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती" म्हणून मी फोन कट केला. गल्लीतल्या बायकांनी कौतुकानं बघितलं. वडील आतून म्हणाले, "पोरगं साहेबाला बी गप करतंय." मला ते शाबासकीसारखं लागलं.

असे फोन मी पावसाळाभर केले. सुट्टीच्या दिवशी सकाळी, आंघोळ करून. दर वेळी नवा मुद्दा. दर वेळी साहेब उचलायचे, दर वेळी "अहो, पण..." म्हणायचे. कुलूप होतं तिथंच होतं. माझं म्हणणं असं होतं की वरच्या पातळीवर विचार सुरू आहे.

मधल्या काळात बहिणीची सहामाही झाली. फिजिक्समध्ये ती काठावर वाचली. आईनं निकालाचा कागद बघितला, घडी करून मशीनखाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "ठेकेदाराला विचारलंय. दिवाळीनंतर घेतो म्हणाला."

बहीण त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या सुट्टीला मी फोन लावला तेव्हा ती माझ्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसली. मी त्या दिवशी राज्याची मार्गदर्शक तत्त्वं घेणार होतो. चाचा रिक्षा पुसत होते.

"साहेब, आज मी आपलं लक्ष एका लई..." मी घसा खाकरला, "एका अत्यंत गंभीर बाबीकडं वेधू इच्छितो."

"अहो, पण भाऊ..."

"निवेदन पूर्ण होऊ द्या साहेब."

"दादा, थांब ना जरा," बहीण म्हणाली. "ते कवापासून काहीतरी म्हणायलेत."

"मुद्दा तर होऊ दे."

तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "साहेब, मी ह्यांची बहीण बोलते. बारावीला हाय. तुम्ही काय म्हणत होता?"

पलीकडून एक लांब सुस्कारा आला. "ताई, लई उपकार झाले तुमचे. मी म्हणत होतो, माझी बदली झाली. मी कोकणात आहे."

"कवा झाली?"

"मे महिन्यातच. तुमच्या भावाचा पहिला फोन आला तेव्हा मी इथलं घर लावत होतो."

गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं. चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं. "अरे बाबू, तू पूरी बारिश कोकण कू लेक्चर देरा था?"

माझे कान तापले. मी फोनजवळ वाकून म्हणालो, "साहेब, मग तुम्ही फोन उचलत कशाला होता?"

"काय करू भाऊ? इकडं आपल्यासारखं बोलणारं कुणी नाय. तुम्ही शुद्ध बोलायला जायचे आणि मधीच 'लई' निघायचं. माझी बायकोपण ऐकायला येऊन बसायची. आणि सांगायचं म्हटलं तर तुम्ही बोलूच द्यायचे नाय."

मी कट्ट्यावरून खाली उतरलो. पण बहिणीनं फोन सोडला नाही. "साहेब, ते कुलूप कुणाचं हाय, तुम्हाला माहिती हाय का?"

"माझंच म्हणा की. शहरातर्फे ताबा घ्यायला मीच आलो होतो. बघतो तर मुलींसाठी संडासच नाय. मला दोन मुली आहेत ताई. मी शेरा लिहिला, संडास झाल्याशिवाय ताबा घेणार नाय. तो शेरा अजून तसाच बसला असंल."

"पण साहेब, संडास तर हाय. मागच्या बाजूला. त्याला बी कुलूपच हाय."

"बांधला?" साहेब खरोखर चकित झाले. "मग बांधकामवाल्यांनी कळवलं नसंल आणि आमच्या ऑफिसनं विचारलं नसंल. एकेकाला गाठून उपयोग नाय, ते तुम्हाला एकमेकांकडं पाठवतील. लोकशाही दिनाला सगळी खाती एका हॉलमध्ये बसतात. दोघं समोर असताना सांगा. आणि ताई..."

"काय साहेब?"

"भावाला म्हणावं, थोडक्यात."

लोकशाही दिनासाठी आधी अर्ज द्यावा लागतो, तो दिला. भाषणही तयार केलं, दोन्ही बाजूंनी भरलेले कागद. ते मी खिशात ठेवले. बहीण कॉलेज बुडवून माझ्यासोबत आली. भरवसा नव्हता म्हणून आली, हे तिनं लपवलं नाही.

हॉलमध्ये एका बाजूला सगळ्या खात्यांचे अधिकारी, समोर आम्ही. माझ्या आधी खुलताबादकडचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या रस्त्याचं गाऱ्हाणं होतं, पण सुरुवात त्यांनी निजामापासून केली. बोलण्यात वजन होतं, हातवारे होते, "माझं पूर्ण होऊ द्या" सुद्धा होतं. अधिकारी घड्याळ बघायला लागले. एकानं पेनचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं. रस्ता येईपर्यंत कुणीच ऐकत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि मग लक्षात आलं की हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बहीण माझ्याकडं बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

माझा नंबर आला. मी उभा राहिलो. "मी एक सुशिक्षित..." एवढंच झालं आणि बहिणीनं मागून शर्ट ओढला.

मी श्वास घेतला. "साहेब, आमच्या अभ्यासिकेत मुलींचा संडास नव्हता म्हणून शहरानं ताबा घेतला नव्हता. आता संडास बांधून झालाय. ताबा घ्या आणि कुलूप काढा. बहीण बारावीला आहे."

शहराचे अधिकारी आणि बांधकामाचे अधिकारी एकाच रांगेत बसले होते, मध्ये फक्त एक बाई होत्या. शहराचे साहेब त्यांच्यामागून वाकले. "झाला का हो तो?"

"कवाच झाला की. तुम्हाला कळवलं नाय?"

"नाय."

"मग आता कळवलं."

मधल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्षस्थानी बसलेले साहेब म्हणाले, "या आठवड्यात दोघंही जागेवर जा आणि ताबा घेऊन टाका. पुढचं."

मी तसाच उभा. खिशातले कागद कुरकुरत होते. "साहेब, एकच मिनिट, मी पदवीधर असल्यामुळं..."

"ते दिसतंय," साहेब म्हणाले. "बसा."

मी बसलो.

दोघं खरंच आले. पाऊस खाऊन कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना, शेवटी चाचांनी रिक्षाचा पाना आणून ते तोडलं. साहेब लोकांनी संडासाची टाकी, नळ, कडी सगळं वाजवून बघितलं, सह्या केल्या आणि निघाले. मी 'दोन शब्द' बोलायला पुढं झालो होतो. तेवढ्यात गल्लीतल्या पोरी खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाडायला लागल्या आणि त्या आवाजात माझे दोन शब्द कुणाला ऐकू आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी कोकणात फोन लावला. साहेबांनी तिथली मासळी, तिथला पाऊस, मुलींची शाळा, बायकोचं माहेर असं सगळं सांगितलं. मी ऐकत राहिलो. मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.

आईनं ठेकेदाराला पोरगी दिवाळीनंतर येत नाही म्हणून कळवलं. अभ्यासिका आता रोज सकाळी उघडते आणि तिथं मुलांपेक्षा मुली जास्त बसतात. माझी बहीण तिथं बसून बारावी पहिल्या वर्गात पास झाली आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला.