उरलेली मेथी

आमच्या लॅबमध्ये पालेभाजीची जुडी आली की मूठभर पानं जंतूंच्या तपासणीला जायची आणि उरलेली जुडी आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी. नियम वेगळा होता. नमुन्यातलं उरलेलं सगळं कुकरसारख्या यंत्रात वाफेवर ठेवून, जंतू मारून मगच फेकायचं. पण आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी, कोवळी भाजी फेकायला हात धजायचा नाही. तिला आम्ही प्रसाद म्हणायचो. शिजवली की जंतू मरतात हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? तोच आमचा माज.

त्या गुरुवारी छावणीच्या बाजारातली मेथी आली आणि प्रसाद माझ्या वाट्याला. घरी धाकटी बहीण बाळंतपणाला आलेली, आठवा महिना. जुडी ओट्यावर ठेवून मी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर ही पिठलं-भाकरीबरोबर कच्ची मेथी खातेय. आमच्याकडं कच्ची मेथी खा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही.

"ताई, लई कवळी हाय गं."

"धुतलीस का?"

"व्हय, नळाखाली धरली की."

मी हसले आणि माझंही ताट वाढून घेतलं. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

शनिवारी दुपारी त्या मेथीवरचे जंतू वाढवायला ठेवलेली प्लेट उघडली. बारीक, राखाडी ठिपके आणि प्रत्येकाभोवती काळं वलय. काळं वलय म्हणजे लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या घराण्यातलं कुणीतरी. या घराण्यातला एक जण गरोदर बाईच्या पोटातलं मूल घेऊन जातो. आईला नुसती कणकण येते, बस. दुसरा अगदी त्याच्यासारखाच दिसतो, पण कुणाचं काही बिघडवत नाही. पानांवर चांगले जंतूही राहतात, त्यांना शोधून वाढवण्याचं आमच्या साहेबांना भारी वेड. एरवी मलाही त्यात गोडी वाटायची, पण त्या दिवशी मला फक्त वाईट तेवढं दिसत होतं.

दोघांतला कोणता हे ओळखायला रक्त घातलेल्या प्लेटवर त्याला वाढवावं लागतं. दुष्ट असेल तर तो रक्त विरघळवतो, भोवती फिकट कडं दिसतं. त्याला एक दिवस लागणार होता.

प्रसादाचं साहेबांना कोणत्या तोंडानं सांगायचं? नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू? मी गप्प बसले. घरीही गप्प. बहिणीला उगाच घोर नको, असं स्वतःला समजावलं. ती माझ्याशी बोलायला आली की मी दुसऱ्या खोलीत जायची. तिच्या पोटाकडं बघवत नव्हतं. आई म्हणाली, "काय झालंय तुला? जेवत का नायस?" मी डोकं दुखतंय म्हणाले.

रविवारी लॅब बंद, तरी शिपायाकडून चावी मागून घेतली. प्लेट उजेडात धरली. ठिपक्यांखालचं रक्त जसंच्या तसं लाल. कडं नाही. बिनविषारी भाऊ निघाला. मी तिथंच स्टुलावर बसून रडले.

डोळे पुसले आणि मग ध्यानात आलं. तपासली होती ती मूठभर पानं. बहिणीनं खाल्ली ती उरलेली, आणि ती जुडी कुणीच तपासली नव्हती.

रिक्षानं घर गाठलं आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं.

"ताई, काल मला कणकण होती. अंग तापलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड एवढंसं झालेलं. वाटलं, तुला आणिक घोर कशाला."

त्याच रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. निकाल यायला लागलेले दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही. रक्त स्वच्छ निघालं, ताप साधाच होता. पुढं भाची दिवस भरून जन्मली, ठणठणीत.

साहेबांना मी प्रसादाचं सांगितलं, बोलणी खाल्ली, नोकरी टिकली. बहीण माझ्या हातची भाजी आजही खाते. पण तिच्या घरात कुणाला ताप आला की ती मला नाही, आईला फोन करते. मला ते चार दिवसांनी कळतं.