रोवर काय रोवते?

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायला कोकणातून निघाले तेव्हा आईने एवढंच बजावलं होतं, की तोंड आवर. ते काही जमलं नाही.

मंगळावर पहिल्यांदा सहा चाकांची गाडी फिरली, त्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दहावीतल्या एका मुलीने तशीच गाडी केली. चाकं म्हणजे सुताच्या कंपनीतले सहा रिकामे बॉबिन, वर पुठ्ठ्याचा खोका, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवलेली. मुलगी जवळच्याच किलवणीची. वडील, तिचे आबा, मूळ धुळ्याकडचे, त्याच कंपनीत मशीनवर. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढून पॅकिंगला लावायचं घरात घाटत होतं. हे तिनेच मला रडत सांगितलं. म्हणून मीच तिला म्हटलं, की प्रदर्शनाला आबांना घेऊन ये, लेक काय करते ते बघू दे त्यांना.

पाळी सुटल्यावर ते तसेच आले, डोळे तांबारलेले. पाटीवर मुलीने लिहिलं होतं, 'मंगळावरची रोवर'. त्यांनी अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि मला विचारलं, "बाई, तिथं काय रोवते ही? कांद्याचं रोप?"

मी हसले. नुसती हसले असते तर एकवेळ चाललं असतं. मी शेजारच्या वर्गावरच्या सरांना हाक मारून तो विनोद ऐकवला. तेही खो खो हसले. आबा ओशाळून निघून गेले. मुलीने गाडी उचलली आणि माझ्याकडे न बघता त्यांच्यामागे गेली.

दोन दिवस ती आली नाही. मला जेवण गोड लागेना. ज्या माणसाला पटवायला बोलावलं, त्याचीच मी चारचौघांत शोभा केली होती. तिसऱ्या दिवशी किलवणीला त्यांच्या खोलीवर गेले आणि दारातच म्हटलं, "चुकलं माझं."

"चूक माझी होती तर सांगायची ना, बाई. हसायचं कशाला?" आबा म्हणाले. "पोरगी म्हणते, त्या शाळेत आता पाय ठेवणार नाही." मग त्यांनी खुर्ची सरकवली. "बसा. काय करते मग ती गाडी?"

"रोवत नाही काही. इंग्रजी शब्द आहे तो. रोव्हर म्हणजे भटकणारी."

"म्हणजे आमच्यासारखीच की." आता तेच हसले. "परत कधी येते?"

"येत नाही. तिथंच राहते."

त्यांचा चेहरा उतरला. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या लेकीकडे बघत म्हणाले, "एवढ्या लांब एकटीला धाडतात?"

इतका वेळ घुम्यासारखी बसलेली मुलगी बोलली. "एकटी नसते, आबा. इथून माणसं रोज बोलतात तिच्याशी. पुढं दगड आहे, जरा वळून जा, असं सांगतात."

"हे कोणी शिकवलं तुला?"

तिने मान खाली घातली. "बाईंनी."

चहा झाला. शाळेचा विषय कोणीच काढला नाही. मीसुद्धा जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी आबांची सायकल थांबली. मागे मुलगी, तिच्या मांडीवर ती गाडी. ती आत गेल्यावर आबा माझ्याजवळ आले. "दहावी होऊ द्या, पुढचं मग बघू," म्हणाले. सायकल वळवता वळवता थांबले.

"पण बाई, रोज बोलत जा तिच्याशी."