हवेतले अकरा तास

तिकिटांच्या त्या चिंचोळ्या दुकानात सगळे तिला ताई म्हणत. तिच्या पाठीमागे भिंतीवर जगाचा नकाशा, आणि त्यात टाचण्यांना ताणून बांधलेले लाल दोरे. गिऱ्हाईक बिचकलं, की ताई दोऱ्यावर वीत ठेवायची. "बघा, दीड वीत. अकरा तास. एक झोप काढलीत की आलंच."

हे अकरा तास नुसते हवेतले. मधल्या शहरात विमान बदलायचं, तिथं ताटकळायचं, मग रांगा, सामान, पुढचा रस्ता, हे ती पैसे हातात पडल्याशिवाय तोंडातून काढत नसे. धंद्याची रीतच ती. आधीच सगळं सांगितलं तर माणूस खुर्चीतून उठतो.

त्या सकाळी ती कुलूप काढत होती तोच सातासमुद्रापलीकडून, त्याच दीड वीत दोऱ्याच्या टोकाहून, धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. ती विचारतेय, तुला यायला किती वेळ लागेल?"

"अकरा तास," ताई म्हणाली. जिभेला वळणच ते.

नेसत्या कपड्यांनिशी ती धावली. पहिलं विमान ढगांत शिरलं, फोन बंद झाला, आणि तेव्हा तिला उमगलं आपण काय बोलून बसलो ते. सगळा प्रवास तिनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून काढला.

मधल्या शहरात उतरल्या उतरल्या तिनं फोन लावला.

"कुठवर आलीस?" धाकटा कुजबुजला. "अकरा तास होत आले. तिनं केस विंचरून घेतलेत. दाराकडे तोंड करून बसवायला लावलं. दुखण्याचं औषध घेत नाही गं. म्हणते, गुंगी येते, पोरगी येईल तेव्हा डोळा लागलेला नको. कळ आली की उशीचा अभ्रा चावते."

"तिच्या कानाला लाव फोन." ताईनं भिंतीला पाठ टेकली. "आई, मी चुकीचं सांगितलं. अजून पंधरा तास आहेत."

पलीकडून आईचा बारीक आवाज आला.

"गिऱ्हाईकाला सांगतेस तसं सांगितलंस होय मला?"

"हो."

"तरीच दुकान चालतं तुझं." आई हसायला गेली, ते खोकल्यात बुडालं. "पंधरा नाहीत गं माझ्याकडे, बाळ."

"औषध घे तू. झोप. मी आले की उठवेन."

"उठवशील?"

"उठवेन ना. एक झोप काढलीस की आलेच मी."

आपल्या लेकीचा धंदा आईला ठाऊक होता. मग ती धाकट्याला म्हणाली, "दे रे ते औषध. आणि मला आडवं कर."

फोन बंद झाला. समोरच्या फलकावर निघणाऱ्या विमानांच्या ओळी सरकत होत्या. ताईचं विमान त्यात अजून लागलेलंच नव्हतं.