मस्कत, अडीच तास

मुलीकडे मस्कतला निघाले होते. विमानात घोषणा झाली, "आपला प्रवास अडीच तासांचा आहे," आणि मला लालबागची आमची खोली आठवली.

संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. मग दादा मस्कतला कामाला निघाला. आई रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, "आई, मालवणाक जाऊक अख्खी रात्र लागता. ह्या तर अडीच तासांचा!"

आईने डोळे पुसले. "मगे जवळच आसा," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी बाबा गेले. काका वाण्याकडून दादाला फोन लावून आले. "वहिनी, पासपोर्ट मालकाकडे आसा. तो सोडणा नाय."

आईला ते पटेचना. "थांबा जरा, येतलो तो," म्हणत तिने संध्याकाळपर्यंत बाबांना उचलू दिलं नाही. शेवटी अग्नी काकांनी दिला. मला तेव्हा राग आला तो दादाचाच.

तो आला पुढच्या वर्षी. आईने गरम भात वाढला. घास हातातच धरून त्याने विचारलं, "बाबांनी माझी आठवण काढलेली?"

बाबा शेवटपर्यंत त्याचंच नाव घेत होते.

आई म्हणाली, "नाय रे. झोपेतच गेले."